टोपणनाव (मराठी कविता)

व्यवहारातले नाव बाजूला ठेवून कवी कवितेखाली जे दुसरे नाव घालतो ते टोपणनाव. त्याला कविनाम किंवा काव्यनाम असेही म्हणतात. मराठीत ही चाल कादंबरीकारांपेक्षा कवींमध्ये जास्त रुजली. केशवसुत, बालकवी, गोविंदाग्रज, बी, माधव ज्यूलियन, अनिल, कुसुमाग्रज, आरती प्रभु, ग्रेस ही नावे वगळून आधुनिक मराठी कवितेचा इतिहास सांगताच येणार नाही. यांतल्या फार थोड्यांनी ते नाव खरोखर लपण्यासाठी घेतले. बहुतेकांमागचा माणूस संपादकांना, मित्रांना आणि लवकरच वाचकांनाही ठाऊक झाला. उलट, कवितेत स्वतःचे नाव उघडपणे गुंफणारे जुने कवीच आज अभ्यासकांना सापडत नाहीत.

नाममुद्रा

अभंगाच्या शेवटच्या चरणात रचनाकाराचे नाव येते. त्याला नाममुद्रा किंवा मुद्रिका म्हणतात. ‘नामा म्हणे’, ‘तुका म्हणे’ ही त्याची साधी रूपे. एकनाथांच्या ‘एका जनार्दनीं’मध्ये शिष्याचे नाव गुरूच्या नावाशिवाय उभेच राहत नाही. ज्ञानदेवांच्या अनेक अभंगांत ‘बापरखुमादेवीवरु’ अशी मुद्रा आहे, म्हणजे सही देवाची आणि कवी तिच्या आड. स्त्रियांच्या मुद्रा वेगळ्याच तऱ्हेच्या आहेत. जनाबाई ‘नामयाची जनी’ किंवा ‘दासी जनी’ म्हणवते आणि सोयराबाई ‘चोखियाची महारी’. सोयराबाईच्या मुद्रेत तिचे नाव नाही; नवरा आणि जात मात्र आहे. या मुद्रेला नम्रता म्हणून सोडून देण्याची वाचकांना सवय झाली आहे. विटाळाबद्दल देवालाच रोकडे प्रश्न विचारणाऱ्या बाईने आपली जात सहीत आणली, हे इतके साधे नसावे.

मुद्रा ही ओळख पटवण्यासाठी असते, पण एकच मुद्रा अनेकांनी वापरली की तिचाच बुरखा होतो. ‘नामा’ या मुद्रेखाली तेराव्या-चौदाव्या शतकातल्या नामदेवांचे अभंग आहेत तसे नंतरच्या काळातल्या विष्णुदास नामाचे आणि इतरांचेही आहेत. त्यामुळे नामदेव गाथेतले कोणते अभंग कोणाचे, हा वाद अजून मिटलेला नाही. तुकारामांचे बंधू कान्होबा ‘तुकयाबंधु म्हणे’ अशी सही करत, म्हणून त्यांची रचना निदान वेगळी काढता येते. सालोमालोची गोष्ट वारकऱ्यांत सांगितली जाते ती याच्या उलट प्रकारची: तुकोबांच्या अभंगांतली मुद्रा काढून त्याने आपली घातली, अशी परंपरा आहे.

सोंगांचा सगळ्यांत मोकळा खेळ एकनाथांच्या भारुडांत दिसतो. जोशी, वेडी, महार, भुत्या, विंचू चावलेला माणूस अशा किती तरी तोंडांनी पैठणचा हा ब्राह्मण बोलतो. ऐकणाऱ्यांसमोर सोंग रंगते आणि शेवटी ‘एका जनार्दनीं’ आले की ते उतरते.

लावणीत सही असूनही आतला ‘मी’ कवीचा नसतो. राम जोशी, परशराम, होनाजी बाळा यांच्या शृंगारिक लावण्यांत बहुधा बाई बोलते. लिहिणारा पुरुष, आणि फडावर पुष्कळदा लुगडे नेसून ती म्हणणारा नाच्याही पुरुषच. ‘होनाजी बाळा’ हे तर एका माणसाचे नावही नाही. होनाजी शिलारखाने लिहिणारा आणि बाळा करंजकर गाणारा, अशी ती जोडी होती.

‘सुत’ आणि ‘अग्रज’

आधुनिक टोपणनावांची सुरुवात कृष्णाजी केशव दामले (१८६६–१९०५) यांच्यापासून धरायला हरकत नाही. मालगुंडचा हा शाळामास्तर ‘केशवसुत’ झाला, म्हणजे वडिलांचे नाव पुढे करून मागे उभा राहिला. जुन्या रूढींवर ‘तुतारी’ फुंकणाऱ्या कवीने स्वतःला मुलगा म्हणून ओळखवावे, हे या चालीचे पहिले वैशिष्ट्य. मराठी टोपणनावे बहुधा घरातूनच आली. राम गणेश गडकरी (१८८५–१९१९) धाकट्या भावाच्या नावावरून गोविंदाग्रज झाले. वि. वा. शिरवाडकर (१९१२–१९९९) सहा भावांच्या घरातल्या एकुलत्या बहिणीवरून, म्हणजे कुसुमवरून, कुसुमाग्रज झाले. प्रल्हाद केशव अत्रे यांनी विडंबनासाठी ‘केशवकुमार’ हे नाव घेतले. ते वडिलांवरून खरेच, पण केशवसुतांचा चेहरा त्यात वाकुल्या दाखवतो आणि ‘झेंडूची फुले’मधल्या खोडसाळपणाला ते नेमके शोभते.

बालकवी हे नाव मात्र त्र्यंबक बापूजी ठोंबरे (१८९०–१९१८) यांनी घेतलेले नाही. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात या पोराने सभा जिंकली आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्याला ते दिले. पुढे ‘औदुंबर’ लिहिणाऱ्या उदास माणसालाही तेच बाल-पद चिकटून राहिले. लोकांनी दिलेले नाव एखाद्याला कसे झाकून टाकते याचे मराठीत याहून चांगले उदाहरण नाही.

एका माणसाचे वाटे

टोपणनावाचे खरे काम मराठीत वाटण्या करण्याचे होते. गडकऱ्यांनी ते सर्वांत चोख केले. नाटकांवर नाव राम गणेश गडकरी, विनोदी लेखांवर बाळकराम, कवितांवर गोविंदाग्रज. तिघांचे स्वभाव वेगळे आहेत. बाळकराम ज्या भाबड्या प्रेमवीरांची टर उडवतो, तसाच प्रेमाने घायाळ झालेला आवाज ‘वाग्वैजयंती’त गोविंदाग्रजाचा आहे. दोघांना एका सहीखाली आणले असते तर एकाने दुसऱ्याला बोलू दिले नसते.

शिरवाडकरांनीही हीच रीत ठेवली. ‘विशाखा’ (१९४२) कुसुमाग्रजांची आणि ‘नटसम्राट’ शिरवाडकरांचे. त्यांच्या बाबतीत नावांची गुंतागुंत आधीच झालेली होती, कारण जन्मनाव गजानन रंगनाथ होते आणि दत्तक गेल्यावर ते विष्णु वामन झाले. माधव त्र्यंबक पटवर्धन (१८९४–१९३९) प्रेमकवितेत माधव ज्यूलियन असत. ‘छंदोरचना’ आणि फार्शी-मराठी कोश हे काम करणारे ते विद्वान पटवर्धन. आत्माराम रावजी देशपांडे (१९०१–१९८२) पेशाने न्यायाधीश आणि कवितेत अनिल. त्यांची पत्नी कुसुमावती देशपांडे कथाकार आणि समीक्षक होत्या. दोघांचा लग्नाआधीचा पत्रव्यवहार कुसुमावतींच्या निधनानंतर ‘कुसुमानिल’ या जोडनावाने छापला गेला. खासगी पत्रांच्या पुस्तकावरही कोर्टातले देशपांडे आले नाहीत, अनिलच आला.

चिंतामण त्र्यंबक खानोलकर (१९३०–१९७६) यांनी ‘आरती प्रभु’ या नावाने कविता लिहिली आणि ‘कोंडुरा’सारख्या कादंबऱ्या व ‘एक शून्य बाजीराव’सारखी नाटके खानोलकर म्हणून. कुडाळला खाणावळ चालवणाऱ्या माणसाने स्त्रीच्या नावाने लिहिणे त्या काळी धाडसाचेच होते. तरी आरती प्रभूंच्या कवितेतला ‘मी’ स्त्रीचा असतो असे नाही. नावातले स्त्रीत्व आणि कवितेतला आवाज यांचा मेळ घालायचा प्रयत्न वाचकाने करावा आणि तो बसू नये, एवढेच. ‘नक्षत्रांचे देणे’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार १९७८ मध्ये, म्हणजे कवीच्या मृत्यूनंतर, मिळाला.

जे खरेच लपले

खरोखर आड राहिलेले कवी मोजकेच. त्यांत पहिला मान ‘बी’ यांचा. नारायण मुरलीधर गुप्ते (१८७२–१९४७) यांचे आयुष्य वऱ्हाडात सरकारी कचेरीतल्या कारकुनीत गेले. ‘माझी कन्या’ ही त्यांची कविता पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत पाठ होती. ती पाठ असलेल्यांपैकी गुप्ते हे नाव किती जणांनी ऐकले असेल याची शंकाच आहे. साहित्यिकांच्या वर्तुळापासून ते लांब राहिले आणि ‘फुलांची ओंजळ’ हा संग्रह निघाला तेव्हा त्यांची साठी उलटलेली होती. एकाक्षरी नावामागे कवी लपला आणि कवितेत अर्थही. ‘चाफा’ ही प्रेमकविता की आत्मा-परमात्म्याचे रूपक, यावर समीक्षकांनी भरपूर शाई खर्च केली आहे. वाचणाऱ्याला ती दोन्ही अंगांनी पटते आणि मला तरी त्यात काही तक्रार दिसत नाही.

दिनकर गंगाधर केळकर ‘अज्ञातवासी’ म्हणून कविता लिहीत. नाव सर्वांत गूढ, आणि माणूस पुण्यात सर्वांत ठळक, कारण राजा केळकर संग्रहालय उभे करणारे केळकर तेच.

ग्रेस म्हणजे नागपूरचे माणिक गोडघाटे (१९३७–२०१२). त्यांची गोष्ट ‘बी’च्या उलट. माणूस समोर दिसत होता, व्याख्याने देत होता, मुलाखती देत होता. नाव त्यांनी इन्ग्रिड बर्गमनच्या एका चित्रपटातल्या संवादावरून घेतले. घरच्या नात्यांतून आलेल्या ‘सुत-अग्रज’ परंपरेशी त्याचा काही संबंध नाही. ‘संध्याकाळच्या कविता’ (१९६७) पासून त्यांच्यावर दुर्बोधतेचा शिक्का बसला. मग वाचक कवितेची किल्ली चरित्रात शोधू लागले. ‘ती गेली तेव्हा’ मधली ‘ती’ कोण, यावर मैफलींत आजही पैजा लागतात. ग्रेस यांनी भोवतीचे गूढ कमी करण्याऐवजी वाढवत नेले, हे त्यांचे ललितलेख वाचणाऱ्याला कळते. टोपणनावाच्या आड राहण्यापेक्षा टोपणनावच जगणे असा हा प्रकार होता.

राजद्रोहाची सावली

टोपणनाव किंवा रूपक ही गरज होऊन बसली ती राजकीय कवितेत. नाशिकचे कवी गोविंद, म्हणजे गोविंद त्र्यंबक दरेकर (१८७४–१९२६), यांच्या रचना गणेश दामोदर उर्फ बाबाराव सावरकर यांनी प्रसिद्ध केल्या. १९०९ मध्ये त्याबद्दल बाबारावांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. कवितांत देव होते, शिवाजी महाराज होते, इंग्रजांचे नाव नव्हते. मुंबई उच्च न्यायालयात अपील चालले तेव्हा न्यायमूर्ती चंदावरकरांनी निकालात म्हटले की देवांची आणि शिवाजीसारख्या योद्ध्यांची नावे घेऊन लेखकाने चालू सरकारविरुद्ध लढाईच शिकवली आहे. कवितेतला झाकलेला अर्थ कोर्टात इतक्या नीट उलगडून सांगितल्याचे हे उदाहरण आहे, आणि उलगडणारा न्यायाधीश मराठी जाणणारा होता.

पुढे विनायक दामोदर सावरकर यांचे काव्य ‘विजनवासी’ या नावाने छापले गेले, कारण कैदेत असलेल्या माणसाचे खरे नाव घालून ते काढणे शक्य नव्हते. त्यातले ‘गोमांतक’ पोर्तुगीज राजवटीतल्या गोव्याची कथा सांगते. या उदाहरणात टोपणनाव सरकारची नजर चुकवण्यासाठीच होते.

नाव नसलेला आवाज

भा. रा. तांबे यांनी टोपणनाव घेतले नाही. तरीही ‘नववधू प्रिया मी बावरते’ मध्ये ते नववधू होऊन बोलतात आणि तिचा प्रियकर म्हणजे मृत्यू आहे, हे उमगल्यावर कवितेचा रंगच पालटतो. आड जायला दरवेळी सही बदलावी लागत नाही, हे तांब्यांवरून दिसते.

सही मुळीच नसलेली कविता सर्वांत जास्त बायकांची आहे. पहाटे जात्यावर बसलेली बाई सासूबद्दल, माहेरबद्दल, न सांगता येणाऱ्या दुःखाबद्दल ओवी गाते. घरातला कोणी ऐकत असला तरी ती जात्याशी बोलते असे मानले जाते, त्यामुळे कोणी जाब विचारत नाही. हेमा राईरकर आणि गी प्वाटव्हँ यांनी खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि गाणाऱ्या बायांची नावे व गावेही टिपली. पिढ्यान्‌पिढ्या बेवारस समजल्या गेलेल्या आवाजांना नाव मिळाले ते असे.

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) तर स्वतः कवी सोपानदेवांच्या आई. त्यांना लिहिता येत नव्हते. शेतात आणि घरात त्या म्हणत ते घरच्यांनी टिपून ठेवले. त्यांच्या मृत्यूनंतर सोपानदेवांनी ती वही अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ पुस्तकरूपाने आली. खानदेशात प्रसिद्ध कवी मुलगा होता आणि आईची कविता घराबाहेर कोणाला माहीत नव्हती.

सध्याची स्थिती

१९६० नंतर टोपणनावे झपाट्याने कमी झाली. लघुनियतकालिके आणि दलित कविता यांत स्वतःचे नाव, आडनावासकट, छापणे हाच मुद्दा होता. तिथे आड जाण्यात अर्थ नव्हता. आंबेडकरी जलशांत मात्र जुनी मुद्रा टिकली आणि वामनदादा कर्डक यांच्या गीतांत शेवटी ‘वामन’ येतो. मोबाइलवर आज वेगळाच प्रकार दिसतो. कोणी तरी स्वतःची बरीवाईट कविता लिहून तिच्याखाली कुसुमाग्रज किंवा पु. ल. यांचे नाव घालतो आणि पुढे पाठवतो. सालोमालोचा धंदा उलटा झाला आहे.

कायद्यालाही टोपणनाव ठाऊक आहे. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार टोपणनावाने छापलेल्या साहित्याचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो. मात्र त्या मुदतीत लेखक कोण हे उघड झाले, तर मुदत लेखकाच्या मृत्यूनंतरची साठ वर्षे धरली जाते. कुसुमाग्रज कोण हे सर्वांना माहीत असल्याने त्यांच्या कवितांचा हक्क २०५९ अखेरपर्यंत राहील.