बांधकाम शिकायला गणित लागत नाही?

‘गणित जमत नाही ना, मग बांधकामाच्या कोर्सला घाला’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. कम्युनिटी कॉलेजांच्या बांधकाम तंत्रज्ञान अभ्यासक्रमांत नकाशावाचन आणि कामापुरतं गणित सहसा सुरुवातीलाच येतं.

जिन्याचंच बघा. दोन मजल्यांत 3000 मिमी अंतर आणि 18 चढ (चढ म्हणजे एका पायरीची उभी उंची), म्हणजे प्रत्येक चढ 166.67 मिमी. कुणी ‘165 धरू, काय फरक पडतो’ म्हणालं, तर प्रत्येक चढात पावणेदोन मिलिमीटरसुद्धा जात नाहीत. पण 17 चढांत साठलेला तो फरक शेवटच्या चढावर येतो आणि तो चढ 195 मिमीचा होतो. पाय नेमका तिथेच अडखळतो. वर फरशीची जाडी हिशेबात धरायची राहिली, तर आणखी घोळ!

पायाची आखणी करताना कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का, हे 3-4-5 ने तपासतात. एका बाजूला 3 फूट, दुसऱ्या बाजूला 4, तिरकस माप बरोबर 5 भरलं पाहिजे. हा पायथागोरसच, फक्त वहीऐवजी दोरीवर.

कॅल्क्युलस मात्र सहसा लागत नाही. अपूर्णांक, गुणोत्तर, क्षेत्रफळ आणि घनफळ पक्कं हवं.