महागडे कीबोर्ड आणि ‘ग्रुप बाय’चा घोळ

आयबीएमचा १९८५ चा ‘मॉडेल एम’ कीबोर्ड वजनदार आणि चांगला महाग होता. कळ दाबली की आतली स्प्रिंग वाकायची आणि टक्क वाजायचं. पुढे संगणक स्वस्त होत गेले, कळांखाली रबराची चादर आली आणि बरीच वर्षं कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

हौशी लोकांनी स्वतःच कीबोर्ड बनवण्याची खरी हालचाल २०१२ नंतरची. त्या वर्षी आलेल्या ‘आर्डुइनो लिओनार्डो’ या हौशी लोकांसाठीच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावरची चिप यूएसबीवरून थेट कीबोर्ड म्हणून स्वतःची ओळख सांगू शकत होती. त्याच चिपचे अंगठ्याएवढे स्वस्त बोर्ड निघाले आणि ब्रेडबोर्डवर (सर्किट जोडून बघायच्या छिद्रांच्या पाटीवर) खेळणाऱ्या हौशी मंडळींच्या खणातलं सामान कीबोर्डच्या कामी आलं. ६१ कळांना बोर्डाच्या ६१ पिना, म्हणजे तार जोडायच्या जागा, लागत नाहीत. ५ आडव्या, १४ उभ्या तारांची जाळी करून त्यांच्या छेदांवर कळा बसवल्या की १९ पुरतात. पण या छोट्या बोर्डावर वापरण्याजोग्या पिना १८! मग दिसायला पाच ओळी ठेवून आतून तारा ८ गुणिले ८ अशा फिरवायच्या. १६ पिनांत ६४ कळा. शिवाय प्रत्येक कळीला एक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), नाहीतर तीन कळा एकदम दाबल्यावर न दाबलेली चौथीही उमटते.

२०१४ च्या सुमारास कळीखाली बसणाऱ्या, अधिक चिन्हाच्या आकाराच्या दांड्याच्या ‘चेरी’ या जर्मन कंपनीच्या स्विचचं पेटंट संपलं आणि त्याच मापाचे स्वस्त स्विच येऊ लागले. चिप स्वस्त, स्विच स्वस्त, डायोड तर कवडीमोल. मग पैसा जातो कुठे?

बराचसा कीकॅपमध्ये, म्हणजे कळांवरच्या अक्षरांच्या टोप्यांमध्ये. चांगल्या कीकॅपवरचं अक्षर छापलेलं नसतं. दोन रंगांचं प्लास्टिक एकात एक ओतलेलं असतं, म्हणून ते झिजून जात नाही. साचे महाग, रंग बदलायचा तर यंत्र थांबवावं लागतं, त्यामुळे कारखाना ठरावीक संख्येखाली ऑर्डर घेत नाही. यातून ‘ग्रुप बाय’ आला: आधी सगळ्यांनी पैसे भरायचे, संख्या जमली की ऑर्डर.

सुरुवातीला एखादा हौशी माणूस ओळखीपाळखीत हिशेब मांडून हे करायचा, नफा जवळपास नसायचा. उशीर झाला तर सगळे मिळून सोसायचे. नंतर दुकानं त्यात उतरली. नफा आला, जाहिरात आली, पण नाव तेच राहिलं, आणि माझ्या मते घोळ इथेच आहे. दुकानाने घेतलेले आगाऊ पैसे म्हणजे गिऱ्हाइकाने दिलेलं बिनव्याजी कर्ज. त्याला ‘गटाची खरेदी’ म्हटलं की जोखीम आपोआप गटाच्या गळ्यात पडते. विक्रेते म्हणतात, एरवी हे रंग निघालेच नसते. तेही खरं आहे, पण मग जोखमीतला वाटा त्यांनीही उचलावा. २०२० नंतर मागणी फुगली, कारखान्यांपुढे रांगा लागल्या, वर्ष-वर्ष माल येईना. काही आयोजकांनी गाशा गुंडाळला. तोवर कार्डावरून पैसे परत मागायची मुदतही टळून गेलेली.

त्यानंतर तयार माल ठेवून विकणारे वाढले. २०२१ मध्ये ४ डॉलरचा रास्पबेरी पाय ‘पिको’ बोर्ड आला, त्यावर २६ पिना मोकळ्या. ५ गुणिले १४ ची जाळी आता सरळ जोडता येते. नव्या रंगाच्या कीकॅपसाठी पैसे मात्र अजूनही बऱ्याचदा आधीच भरावे लागतात.