वाड्यातला वाघ साफ करायचाय? आधी त्याचे कागद काढा

जुन्या घरांच्या दिवाणखान्यात अजूनही वाघाचं मुंडकं, डोक्यासकट जमिनीवर पसरलेलं बिबट्याचं कातडं किंवा गव्याची शिंगं दिसतात. पावसाळा सरला की त्यावर बुरशीचे पांढरे ठिपके उठतात, कानाच्या कडा तडकतात, केस हाताला येतात. मग घरात ठरतं, कुणा कारागिराला दाखवू. इथेच थांबा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये टॅक्सीडर्मीच्या, म्हणजे मेलेल्या प्राण्याचं कातडं भरून-राखून ठेवण्याच्या, व्याख्येत नुसता पेंढा भरणं येत नाही, ट्रॉफीचं (राखून ठेवलेलं मुंडकं, कातडं, शिंगं) जतन करणंही येतं. वाघ-बिबट्यासारख्या अनुसूचित, म्हणजे कायद्याच्या संरक्षित यादीतल्या, प्राण्यांवर हा व्यवसाय करायला तर १९८६ च्या दुरुस्तीपासून बंदी आहे. ‘आणून द्या, नव्यासारखं करून देतो’ म्हणणारा माणूस स्वतः अडकेल आणि तुम्हालाही अडकवेल.

म्हणून पहिला प्रश्न मालकी प्रमाणपत्राचा, म्हणजे ही वस्तू कायद्याने तुमची आहे हे सांगणाऱ्या कागदाचा. कायदा आला तेव्हा ज्यांच्याकडे अशा वस्तू होत्या, त्यांनी ३० दिवसांत राज्याच्या वन खात्यातल्या मुख्य वन्यजीव रक्षकांना कळवायचं होतं. ज्यांनी कळवलं नाही त्यांना आणखी एक संधी मिळाली, ती २००३ च्या नियमांनी. १८ एप्रिल २००३ पासून १८० दिवस. ती खिडकी केव्हाच बंद झाली. तेव्हा कपाटं, पेट्या, देवघरातली जुनी फाइल, सगळं धुंडाळा. प्रमाणपत्र सापडलं तर त्यातलं वर्णन समोरच्या वस्तूशी ताडून बघा. ओळखीसाठी केलेली खूण असेल तर ती लाकडी फळ्याच्या मागे, कातड्याच्या आतल्या बाजूला नीट शोधा.

प्रमाणपत्र आजोबांच्या नावावर आणि आजोबा आता नाहीत, हा सगळ्यात नेहमीचा प्रकार. वारसाहक्काने वस्तू तुमच्याकडे आली की ९० दिवसांत घोषणा करायची असते, मुख्य वन्यजीव रक्षकांकडे किंवा त्यांनी प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याकडे. महाराष्ट्रात हे कार्यालय नागपूरला आहे, पण सुरुवात आपल्या भागातल्या उपवनसंरक्षक कार्यालयातून करणं सोयीचं. अर्जासोबत मूळ प्रमाणपत्राची प्रत, मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा, इतर वारसांचं संमतिपत्र, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, आणि वस्तूचे चारही बाजूंनी काढलेले फोटो मापांसह जोडा. जुना शिकार परवाना किंवा ट्रॉफी बनवणाऱ्याचं बिल असेल तर सोन्याहून पिवळं. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांच्याकडून त्या काळी भारतभरच्या संस्थानिकांनी वाघ-बिबटे भरून घेतले. तसलं बिल वय सिद्ध करायला उपयोगी पडतं, प्रमाणपत्राची जागा मात्र घेत नाही. अर्ज दिला की पोचेवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. पुढे अधिकारी घरी येऊन पाहणी करू शकतात, यादी करू शकतात, खूण करू शकतात. तो त्यांचा अधिकार आहे, घाबरायचं कारण नाही.

९० दिवस उलटून गेले असतील तर? उशिराचं कारण लिहून अर्ज द्याच. गप्प बसणं हा सर्वांत वाईट पर्याय. आणि प्रमाणपत्र कधी काढलंच नसेल, तर खात्याकडे जाण्याआधी वकिलाशी बोला. अनुसूची १ मधल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या, प्राण्याच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे.

विक्री तर सोडाच, भेट देणंही चालत नाही. प्रमाणपत्र नसलेल्या माणसाला अशी वस्तू फक्त वारशानेच मिळू शकते, त्यामुळे काकांनी हौसेने पुतण्याच्या नव्या फ्लॅटवर वाघ पाठवला की दोघंही गोत्यात. प्रमाणपत्र असलेल्याने पुण्याहून बेंगळुरूला बिऱ्हाड हलवलं, तर ३० दिवसांत तिथल्या मुख्य वन्यजीव रक्षकांना कळवावं लागतं, आणि वाहतुकीची परवानगी निघण्याआधी घ्यायची असते. मूव्हर्सवाल्याच्या ट्रकमध्ये गुपचूप टाकायची ही वस्तू नव्हे.

कागद जागेवर असतील तर घरच्या घरी धूळ झटकायला हरकत नाही, पण बेताने. जुन्या कातड्यांना किडीपासून वाचवायला आर्सेनिकचा साबण लावत असत. शिवणीत, कानाच्या घडीत पांढरी पूड दिसली तर ती धूळच असेल असं धरून चालू नका. हातमोजे आणि एन-९५ मास्क हवाच, मुलं-मांजरं खोलीबाहेर. मऊ ब्रशने केसांच्या दिशेने धूळ सोडवायची आणि जवळ धरलेल्या कमी दाबाच्या, शक्यतो हेपा फिल्टर (अगदी बारीक धूळ अडवणारा) असलेल्या व्हॅक्यूमने ओढून घ्यायची, नळीच्या तोंडाला जाळीचं कापड बांधून. ओला फडका, शाम्पू, तेल काही नको. काचेचे डोळे ओलसर कापसाच्या काडीने पुसले तरी पुरे. केसांखाली भुसा आणि अळीच्या कातीसारखं काही दिसलं, तर कसर लागली आहे. अशा वेळी खात्याला लेखी कळवून पुढे काय करायचं ते विचारा.

सांभाळणं जमत नसेल तर २०२२ च्या दुरुस्तीने एक सरळ वाट केली आहे. प्रमाणपत्रधारकाने कामाचे सात दिवस आधी मुख्य वन्यजीव रक्षकांना नोटीस द्यायची आणि वस्तू त्यांच्या स्वाधीन करायची. मोबदला मिळत नाही, प्रमाणपत्र त्या दिवसापासून रद्द होतं आणि वस्तू राज्य सरकारची होते. स्वाधीन केल्याची सही-शिक्क्याची पावती मात्र जपून ठेवा.