कुत्र्यांचा घरगुती खाऊ (इंदूर)

पाळीव कुत्र्याला रोजच्या जेवणाशिवाय द्यायचे, घरी भाजलेले, वाळवलेले किंवा गोठवलेले छोटे पदार्थ म्हणजे घरगुती खाऊ. तो शिकवताना बक्षीस म्हणून, चघळायला किंवा नुसता लाडाने दिला जातो. बोलण्यात याला ‘ट्रीट’ किंवा सरसकट ‘बिस्किट’ म्हणतात. कुत्र्यांसाठी कारखान्यात बिस्किटे बनवायला १८६० च्या दशकात लंडनमध्ये जेम्स स्प्रॅट या अमेरिकी व्यावसायिकाने सुरुवात केली. गहू, भाज्या, बीट आणि मांस हे त्याचे घटक होते. घरच्या खाऊतही आज साधारण हेच असते.

पहिली पोळी गाईची आणि शेवटची कुत्र्याची, ही माळव्यातली जुनी रीत. इंदूरच्या मराठी घरांत तिला चंपाषष्ठीची जोड मिळते. होळकरांचे कुलदैवत मल्हारी मार्तंड आणि खंडोबासोबत कुत्रा असतोच, त्यामुळे नैवेद्याचा घास त्यालाही जातो. त्यातला बाजरीचा रोडगा बिनमिठाचा आणि कोरडा असेल तर कुत्र्याला चालतो, भरीत मात्र चालत नाही. वांग्यापेक्षा त्यातला कांदा, पात आणि लसूण घातक असतो.

किती द्यावा

सगळा खाऊ मिळून दिवसभराच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. उरलेले ९० टक्के संतुलित जेवणातून मिळायला हवेत, कारण खाऊत कॅल्शियम आणि सूक्ष्म पोषकद्रव्यांचा मेळ बसवलेला नसतो. हिशोबासाठी पशुवैद्यक वजनाच्या (किलोत) ०.७५ व्या घाताला ७० ने गुणतात आणि नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी येणाऱ्या आकड्याला १.६ ने गुणतात. या रीतीने ५ किलोच्या कुत्र्याला दिवसाला सुमारे ३७ कॅलरींचा, १० किलोच्याला ६३ चा आणि २५ किलोच्याला १२५ चा खाऊ पुरतो. एक मोठा चमचा (१५ ग्रॅ.) तूप सुमारे १३० कॅलरींचे असते, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याचा दोन दिवसांचा खाऊ एका चमच्यातच संपतो. तुपात बुडवलेला बाफला (गव्हाच्या पिठाचा उकडून भाजलेला गोळा) ‘एवढासाच’ देणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. एकदम जास्त तूप-तेल पोटात गेल्यास काही कुत्र्यांना स्वादुपिंडाचा दाह होतो आणि उलट्या सुरू होतात.

काय घालू नये

कांदा आणि लसूण कच्चे, शिजवलेले, तळलेले किंवा पूड केलेले, कसेही असले तरी विषारीच. त्यांतील गंधकयुक्त द्रव्ये तांबड्या पेशी फोडतात. कुत्र्याच्या दर किलो वजनामागे १५ ते ३० ग्रॅ. कांदा रक्तात बिघाड करायला पुरतो आणि लसूण त्याहून तीव्र असतो. लक्षणे लगेच दिसत नाहीत. हिरड्या फिक्या पडणे, लघवी तांबूस-तपकिरी होणे आणि धाप लागणे हे दोन ते पाच दिवसांनी सुरू होते, तोवर खाल्लेली गोष्ट घरचे विसरलेले असतात. इंदुरी घरात हा धोका डब्याडब्यांत असतो. लसणाची शेव, कांदा पेरलेले पोहे, वरून भुरभुरलेले जीरावन (मीठ-तिखटाचा इंदुरी मसाला) यांतले काहीही कुत्र्याच्या वाटीत जाऊ नये. बाकीच्या नमकीनमध्येही मीठ आणि तिखट भरपूर असते.

द्राक्षे, मनुका आणि बेदाणे मूत्रपिंड निकामी करू शकतात. त्यांतील टार्टरिक आम्लावर संशय आहे, म्हणून चिंचही टाळतात. शिरा किंवा खीर देताना बेदाणे ‘वेचून काढले’ यावर विसंबू नये. चॉकलेट, जायफळ घातलेले श्रीखंड आणि पुरण, कच्चे यीस्टचे पीठ, मॅकाडेमिया (एक सुकामेवा) आणि शिजवलेली हाडे हेही वर्ज्य. झायलिटॉल हा गोडवा ‘शुगर-फ्री’ पदार्थांत आणि काही पीनट बटरमध्ये असतो. दर किलो वजनामागे ०.१ ग्रॅ. एवढ्यानेही रक्तातील साखर झपाट्याने उतरते, म्हणून बाटलीवरचे घटक वाचल्याशिवाय पीनट बटर वापरू नये. दाणे घरी भाजून, काहीही न घालता वाटलेले कूट सर्वांत बिनधोक, फक्त दाणे ताजे हवेत. कुबट वासाचे किंवा बुरसट दाणे आणि जुने मक्याचे पीठ यांत ॲफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष असू शकते. कुत्र्यांच्या यकृताला ते फार बाधते आणि भाजण्याने पूर्ण नष्ट होत नाही.

माळव्यात सोयाबीन मुबलक, म्हणून त्याचे पीठ घालण्याचा मोह होतो. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन अडवणारे घटक असतात आणि नीट भाजले नाही तर पोटात वायू धरतो. गहू सहज मिळत असताना त्या खटाटोपाची गरज नाही.

भोपळ्याची बिस्किटे

घटक : चक्कीवर बाफल्या-बाटीसाठी मिळणारे जाडे गव्हाचे पीठ २०० ग्रॅ., शिजवून निथळलेला लाल भोपळा १२० ग्रॅ., १ अंडे, दाण्याचे बिनमिठाचे कूट १५ ग्रॅ. बाटीच्या तयार पिठात कधी ओवा, बडीशेप किंवा मीठ मिसळलेले असते. तसले घेऊ नये, साधे घ्यावे. मीठ, साखर, गूळ आणि बेकिंग पावडर लागत नाही.

भोपळा साल-बिया काढून वाफवावा, पाण्यात उकळू नये. कुस्करून पातळ फडक्यात अर्धा तास टांगला की पाणी सुटते. हा टप्पा गाळला तर पीठ सैल होते, ते सावरायला आणखी पीठ घालावे लागते आणि बिस्किट बाहेरून दगडासारखे, आतून चिकट निघते. अंडे, भोपळा आणि कूट एकत्र करून त्यात पीठ मळावे. गोळा पुरीच्या पिठाइतका घट्ट हवा. कोरडा वाटला तर निथळलेले पाणीच चमचा-चमचा घालावे. जाडे पीठ पाणी हळूहळू शोषते, म्हणून २५ मिनिटे झाकून ठेवावे, नाहीतर लाटताना कडा फाटतात.

७ मिमी. जाडीची पोळी लाटून २.५ सेंमी.चे चौकोन कापावेत. सुमारे ७५ ते ८० तुकडे होतात आणि प्रत्येकी साधारण ११ कॅलरी येतात. म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला दिवसाला पाच. चौकोनाऐवजी हाडाचा साचा वापरला तर उरलेले पीठ पुन्हा-पुन्हा लाटावे लागते, आणि कुत्र्याला आकाराचे काही पडलेले नसते.

ओव्हन १६० अंश सेल्सिअसवर तापवून ३० ते ३५ मिनिटे भाजावे, मध्ये एकदा उलटावे. मग ओव्हन बंद करून दार किंचित उघडे ठेवून तासभर आतच राहू द्यावे. खरे वाळणे या तासात होते. एक तुकडा मोडून पाहावा. मध्यभागी गडद, ओलसर रेघ दिसली तर १०० अंशांवर आणखी २० मिनिटे द्यावीत. शंका असल्यास गार ताट तोलावे, २० मिनिटे पुन्हा वाळवून पुन्हा तोलावे. वजन घटत असेल तर आत पाणी आहे.

ओव्हन नसलेल्या घरांत बाटीचा गॅस तंदूर चालतो. त्याचा तळ फार तापतो, त्यामुळे जाळीवर थेट न ठेवता जाड ताटलीत मांडून अगदी मंद आचेवर झाकून भाजावे आणि दर सहा-सात मिनिटांनी उलटावे. तंदुरात अंशांचा हिशोब चालत नाही, नाक आणि रंग यांवरच काम. खालची बाजू काळी पडली तर तो तुकडा टाकून द्यावा, खरवडून देऊ नये.

गहू न सोसणाऱ्या कुत्र्यासाठी ज्वारी किंवा नाचणी घेतात. त्यांत चिकटपणा नसल्याने तुकडे भुगा होतात. भाकरीसाठी काढतात तशी उकड काढली, म्हणजे एक तृतीयांश पीठ उकळत्या पाण्यात ढवळून बाकीच्यात मिसळले, तर गोळा बांधला जातो. जाडी १ सेंमी. ठेवावी. पण सतत कान खाजवणे किंवा पंजे चाटणे यांचे कारण दर वेळी गहूच असते असे नाही. कोंबडी, गोमांस आणि दूध यांचीही ॲलर्जी कुत्र्यांत आढळते, म्हणून नवा घटक एका वेळी एकच आणि आठवडाभर थोडा-थोडा द्यावा.

कोंबडी आणि कलेजी

चिकनच्या पट्ट्यांत चूक झाली तर ती सर्वांत महागात पडते. बिनहाडाचे छातीचे मांस ५०० ग्रॅ. घेऊन ४० मिनिटे फ्रीजरमध्ये अर्धवट घट्ट करावे, म्हणजे ५ मिमी.चे काप सरळ निघतात. धाग्याच्या दिशेने कापले तर पट्टी चिवट होते, आडवे कापले तर सहज तुटते. दात कमी असलेल्या कुत्र्याला आडवे काप द्यावेत. काप आधी साध्या पाण्यात उकळून आतपर्यंत ७४ अंशांवर न्यावेत आणि त्यानंतरच वाळवायला ठेवावेत. कच्चे मांस थेट मंद आचेवर वाळवल्यास बाष्पीभवनामुळे ते बराच वेळ थंड राहते, आणि कोरडे झालेले साल्मोनेला जंतू नंतरच्या उष्णतेलाही दाद देत नाहीत. उकडलेले काप जाळीवर पसरून ९० ते ९५ अंशांवर, दार किंचित उघडे ठेवून अडीच-तीन तास वाळवावेत. वाकवल्यावर पट्टी मोडावी. ५०० ग्रॅ.ची साधारण १५० ग्रॅ. उरते. ५ ग्रॅ.ची पट्टी सुमारे १९ कॅलरींची, तेव्हा मूठभर देण्याचा हा पदार्थ नव्हे.

शिकवताना कलेजीच्या वड्यांना तोड नाही. २५० ग्रॅ. चिकन कलेजी १० मिनिटे उकळून, पाणी काढून, १ अंडे आणि १०० ग्रॅ. पिठासह वाटावी. ताटात १ सेंमी. जाडीने थापून १६० अंशांवर २५ मिनिटे भाजावी आणि १ सेंमी.चे चौकोन करावेत. घरभर वास सुटतो, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. कलेजीत अ जीवनसत्त्व खूप असते, म्हणून आठवड्यातून दोनदाच, तेही मोजके तुकडे. डाल्मेशियन जातीला लघवीच्या मार्गात युरेटचे (यूरिक आम्लाच्या क्षाराचे) खडे होण्याची प्रवृत्ती असते, त्यांना कलेजी देऊ नये.

रताळे आणि उन्हाळ्यातला खाऊ

रताळ्याचे लांबट ८ मिमी. काप १२० अंशांवर अडीच-तीन तास वाळवले की चामड्यासारखी चिवट पट्टी होते. साल ठेवायची तर माती ब्रशने घासून काढावी. चघळायचा कोणताही तुकडा अंगठ्याच्या नखाने दाबून पाहावा. नख उमटत नसेल तर तो दात मोडण्याइतका कडक आहे. मधुमेही कुत्र्याला रताळे आणि केळे देऊ नये, मूत्रपिंडाच्या रुग्णाला चिकनच्या पट्ट्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत. शंका असेल तर इंदूरकरांना महू जवळ आहे, तेथे १९५५ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

मे महिन्यात पारा ४० अंशांपुढे जातो तेव्हा भाजलेल्या खाऊपेक्षा गोठवलेला बरा. १०० ग्रॅ. ताजे दही, १०० मिली. पाणी आणि ५० ग्रॅ. उकडून कुस्करलेले गाजर घुसळून बर्फाच्या साच्यात ओतावे. दही न पचणाऱ्या कुत्र्याला जुलाब होतात, म्हणून पहिल्यांदा एकच खडा. फ्रीजरमधून काढल्यावर पाच मिनिटे थांबून द्यावा.

साठवण

बिस्किटे पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नयेत. कोमट भरली तर झाकणाला पाणी धरते आणि चौथ्या दिवशी बुरशी येते. बुरशी दिसली की तो सगळा घाणाच फेकावा, वरचे तुकडे काढून उरलेले वाचवू नयेत. कडक वाळलेली भोपळ्याची बिस्किटे थंडीत हवाबंद बरणीत तीन आठवडे टिकतात, पावसाळ्यात पाच-सहा दिवसांपलीकडे भरवसा ठेवू नये. कलेजीच्या वड्या फ्रीजमध्ये तीन दिवस, फ्रीजरमध्ये दोन महिने. चिकनच्या पट्ट्या फ्रीजमध्ये आठवडाभर. फ्रीजरमध्ये ठेवताना रोजच्या मापाच्या पुड्या बांधून तारीख लिहावी. आदल्या रात्री एक पुडी खालच्या कप्प्यात उतरवली की सकाळी फिरायला जाताना ती मऊ झालेली असते.