एआयच्या मदतीने लिहिलेला ओपन सोर्स कोड : विश्वासाच्या प्रश्नाची पार्श्वभूमी

वांद्रे-कुर्ला संकुलात मुख्यालय असलेल्या सेबीने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केलेल्या सायबर सुरक्षा आराखड्यानुसार, शेअर बाजाराशी संबंधित संस्थांनी आपल्या महत्त्वाच्या प्रणालींसाठी 'एसबीओएम', म्हणजे सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी, बाळगणे अपेक्षित आहे. मुंबईतल्या कोणत्याही दलाली पेढीची अशी यादी केली, तर तीत ओपन सोर्स घटक, म्हणजे ज्यांचा कोड कोणालाही पाहता आणि वापरता येतो असे घटक, हटकून सापडतील. घटक कोणता आणि कितव्या आवृत्तीचा हे तीवरून कळते. तो माणसाने लिहिला की एआयने, हे कळत नाही.

दुसऱ्याच्या कोडवर विश्वास ठेवावा का, हा संशय मात्र एआयपेक्षा जुना आहे. माणसाने लिहिलेला सोर्स कोड संगणकाला चालवता येईल अशा रूपात बदलणाऱ्या कंपायलरमध्येच चोरवाट, म्हणजे छुपा प्रवेशमार्ग, ठेवली, तर तो सोर्स कोड कितीही तपासला तरी ती सापडणार नाही, हे संगणकशास्त्रज्ञ केन थॉम्प्सन यांनी १९८४ मध्येच दाखवून दिले होते. पुढे २०१४ मध्ये उघडकीस आलेली, इंटरनेटवरील संवाद गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या ओपन सोर्स घटकातील 'हार्टब्लीड' ही चूक सुमारे दोन वर्षे कोणाच्याही लक्षात आली नव्हती, कारण कोड सर्वांसाठी खुला असला तरी तो वाचणारे थोडेच होते.

एआयने लिहिलेला कोड ओपन सोर्स प्रकल्पांनी स्वीकारावा का, या आजच्या वादाचे मूळ माझ्या मते २००३ मध्ये आहे. लिनक्स या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आपला कोड घुसवल्याचा आरोप करत एससीओ या कंपनीने त्या वर्षी आयबीएमवर खटला भरला, आणि त्यानंतर २००४ मध्ये लिनक्ससाठी पाठवलेल्या प्रत्येक पॅचखाली (कोडमधील बदलाखाली) 'साइन्ड-ऑफ-बाय' ही ओळ लिहिण्याची पद्धत सुरू झाली. हा कोड देण्याचा मला अधिकार आहे, अशी ती पाठवणाऱ्याची हमी असते. इतरांच्या कोडवर शिकलेल्या एआय मॉडेलने लिहून दिलेल्या ओळींबाबत ही हमी कोणी आणि कशाच्या बळावर द्यायची? २०२१ मध्ये आलेल्या गिटहब कोपायलट या कोड लिहून देणाऱ्या एआय साधनाविरुद्ध पुढच्याच वर्षी अमेरिकेत खटला दाखल झाला तो ओपन सोर्स कोडच्या वापराच्या परवान्यांच्या मुद्द्यावर. लिनक्सवर आधारित जेंटू या प्रकल्पाने एप्रिल २०२४ मध्ये असा कोड स्वीकारणे बंद केले, पाठोपाठ नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पानेही निर्बंध घातले, आणि २०२५ मध्ये क्यूईएमयू या संगणकाची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाने तर बंदीसाठी नेमके याच हमीचे कारण दिले. लिनक्सवरच आधारित फेडोरा प्रकल्पाने मात्र त्याच वर्षी, एआयची मदत घेतल्याचे उघड करावे आणि जबाबदारी पाठवणाऱ्याची राहील, अशी भूमिका घेऊन परवानगी दिली. मला ती अधिक व्यवहार्य वाटते, कारण बंदी पाळली जाते आहे की नाही हे तपासायचे खात्रीचे साधन कोणाकडेच नाही.

शिवाय पाठवणाऱ्यावरचा विश्वासही फसवा ठरू शकतो. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या फाइली लहान करणाऱ्या ओपन सोर्स साधनात सापडलेली चोरवाट, 'जिया टान' या नावाने दोनेक वर्षे नेटाने काम करून मेंटेनरपद, म्हणजे कोड तपासून स्वीकारण्याची जबाबदारी, मिळवलेल्या खात्यातून आली होती. मूळ मेंटेनर एकटा आणि थकलेला होता, आणि नेमका त्याचाच फायदा घेतला गेला.

तपासणाऱ्यांवरचा हा ताण एआयमुळे वाढतो आहे. इंटरनेटवरून माहितीची देवाणघेवाण करणाऱ्या 'कर्ल' या ओपन सोर्स साधनाचे मेंटेनर डॅनियल स्टेनबर्ग २०२४ च्या आरंभापासून, एआयकडून लिहून घेतलेल्या, वाचताना पटणाऱ्या पण निराधार निघणाऱ्या, सुरक्षेतील त्रुटी कळवणाऱ्या अहवालांविषयी तक्रार करत आहेत. असा अहवाल तयार करायला काही मिनिटे पुरतात, तो खोडून काढण्यात मात्र मेंटेनरचे तास खर्ची पडतात.