रेडिओ शेतकरी मंडळ

गावातल्या पंधरा-वीस जणांनी ठरलेल्या वेळी एकत्र बसून आकाशवाणीचा कार्यक्रम ऐकायचा, मग संच बंद करून त्यावर आपसांत बोलायचे, निघालेल्या शंका आणि ठरलेल्या गोष्टी केंद्राला लिहून कळवायच्या आणि केंद्राने पुढच्या कार्यक्रमात त्यांना उत्तर द्यायचे, अशी ही पद्धत. ‘श्रोता मंडळ’, ‘चर्चा मंडळ’ ही तिचीच नावे. भारतात तिचा पहिला मोठा आणि मोजूनमापून पाहिलेला प्रयोग १९५६ साली पुणे केंद्रावरून मराठीत झाला. मराठी मुलखाच्या इतिहासात त्याला मिळायला हवी होती तेवढी जागा अजून मिळालेली नाही.

मूळ कल्पना कॅनडाची. तिथे १९४१ पासून शेतकरी कुटुंबे शेजाऱ्यांच्या घरी जमून सार्वजनिक रेडिओवरचा कार्यक्रम ऐकत आणि त्यावर बोलत. ‘वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा’ हे त्यांचे ब्रीद होते. युनेस्कोला ही रीत विकसनशील देशांत करून पाहायची होती. पुण्याचे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालेले, म्हणजे तेव्हा तीन वर्षांचेही नव्हते. तत्कालीन मुंबई राज्यातल्या पाच मराठीभाषक जिल्ह्यांतली सुमारे १५० गावे निवडली गेली. फेब्रुवारी ते एप्रिल अशा दहा आठवड्यांत आठवड्यातून दोनदा, अर्ध्या अर्ध्या तासाचे २० कार्यक्रम झाले. आकाशवाणीचे महासंचालक तेव्हा जगदीशचंद्र माथुर होते. हिंदी वाचक त्यांना नाटककार म्हणून ओळखतात.

प्रत्येक मंडळाला एक अध्यक्ष आणि एक कार्यवाह असे. सगळी भिस्त कार्यवाहावर. दिवेलागणीला माणसे गोळा करायची, गावचा सार्वजनिक संच वेळेवर लावायचा, कार्यक्रम संपला की गप्प बसणाऱ्याला बोलते करायचे, बोलघेवड्याला थोडे आवरायचे आणि शेवटी वहीत चार ओळी लिहायच्या. कोणता मुद्दा पटला, कोणता पटला नाही, पुणे केंद्राला काय विचारायचे, हे सारे त्या चार ओळींत येई. पुढच्या एखाद्या कार्यक्रमात ते उत्तर ऐकू आले की एरवी फक्त बोलत राहणारे यंत्र आपले ऐकूनही घेते, हे गावाला कळे. या पद्धतीचा जीव त्या टपालात होता.

मूल्यमापनाचे काम मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने केले. समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी त्याचे नेतृत्व केले. मंडळ असलेली गावे आणि मंडळ नसलेली गावे यांतल्या लोकांना कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर तेच प्रश्न विचारण्यात आले. मंडळांच्या गावांत माहितीत ठळक वाढ दिसली. इतर गावांत, अगदी रेडिओ होता तिथेही, ती फारशी दिसली नाही. नुसते कानावर पडलेले विसरले जाते आणि चारचौघांत वाद घालून पटलेले टिकते, हे इथे आकड्यांनी दाखवले गेले.

पण त्याहून महत्त्वाचे निरीक्षण वेगळेच होते. बरीच मंडळे ऐकण्यापुरती राहिली नाहीत. काही गावांत विहिरी खणल्या गेल्या, जातिवंत वळू आणि लेगहॉर्न कोंबड्या विकत आणल्या गेल्या, विक्रीच्या सहकारी संस्था निघाल्या, बालवाड्या सुरू झाल्या. ताराबाई मोडक यांनी बोर्डीला १९४५ मध्ये रुजवलेली बालवाडी तेव्हा खेड्यांना नवीनच होती. ग्रामपंचायत आणि ग्रामसभा यांच्या मधली जागा मंडळाने घेतली आणि एरवी ज्यांना कोणी विचारत नसे, अशी माणसेही निर्णयात आली, असे अहवालाचे म्हणणे. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा, म्हणजे हे सारे त्याच्याही आधीचे, हे ध्यानात घेतले तर या निरीक्षणाचे वजन कळते.

अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षी योजना देशभर नेण्यात आली. पुढे घानामध्येही असाच प्रयोग झाला.

विस्तारात मात्र पद्धतीचा गाभा पातळ झाला. मंडळांची संख्या वाढवणे सोपे होते. दीडशे गावांच्या पत्रांना दिलेले लक्ष हजारो गावांच्या पत्रांना देणे अवघड होते. ट्रान्झिस्टर स्वस्त झाला तसा रेडिओ चावडीवरून घराघरांत आणि बांधावर गेला. ऐकणाऱ्याची सोय झाली, पण ऐकून झाल्यावर बोलायला शेजारी कोणी उरले नाही. १९६६ पासून आकाशवाणीच्या केंद्रांवर शेती व गृह विभाग आले आणि हरितक्रांतीच्या बियाण्या-खतांची माहिती त्यांनी फार नेटाने पोहोचवली. तो प्रवाह बहुतांशी एका दिशेचा होता. नंतरच्या फोन-इन कार्यक्रमांत शेतकरी थेट तज्ज्ञाशी बोलू लागला, पण तो एकटा, आपल्या पिकावरच्या किडीपुरता. गावाने मिळून काही ठरवायचे, हा भाग त्यात नाही.

त्या रीतीच्या सर्वांत जवळ जातो तो सामुदायिक रेडिओ. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना आणि कृषी विज्ञान केंद्रांना परवाने खुले झाले. सातारा जिल्ह्यात म्हसवडची ‘माणदेशी तरंग वाहिनी’ २००८ पासून दुष्काळी माण तालुक्याच्या बोलीत बोलते. अशा केंद्राचा आवाज दहा-पंधरा किलोमीटरच पोहोचतो, त्यामुळे बोलणारा आणि ऐकणारा एकमेकांना ओळखत असतात. मात्र स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा या केंद्रांना नाही. आकाशवाणीच्या बातम्या आहेत तशा लावता येतात. हवामान, पाणीपुरवठा, वीज, परीक्षा, सण-उत्सव ही माहिती बातमीत धरली जात नाही, म्हणून ती देता येते.