आरोग्य संशोधनातील स्थानिक सहभाग

एखाद्या गावातील, वस्तीतील किंवा शहराच्या ठरावीक भागातील लोकांनी आरोग्यविषयक अभ्यासाला स्वखुशीने माहिती, शरीराची मोजमापे, रक्त-लघवीचे नमुने आणि मुख्य म्हणजे आपला वेळ देणे. अर्ध्या तासाच्या प्रश्नावलीपासून आयुष्यभर दर दोन वर्षांनी तपासणीला हजर राहण्यापर्यंत या सहभागाची व्याप्ती आहे. रुग्णालयात दाखल झालेल्यांवरील संशोधनाहून हा प्रकार वेगळा पडतो. येथे बहुतेक सहभागी धडधाकट असतात, संशोधक त्यांच्या दारी येतो आणि निष्कर्षाचा लाभ त्या व्यक्तीला मिळेलच असे नसते. मिळाला तर तो साऱ्या समूहाला, तोही बहुधा उशिरा मिळतो. ‘आमच्याकडे सगळे ठीक आहे, आजारी माणूस असेल तिथे जा’ असे सांगून सर्वेक्षकाला परत पाठवणारे अनेक असतात. वास्तविक त्यांचेच उत्तर हवे असते. फक्त आजाऱ्यांची नोंद झाली तर आजाराचे प्रमाण काढताना अंश हाती येतो, छेद येत नाही.

स्वरूप : सर्वांत परिचित प्रकार म्हणजे एकदाच होणारी पाहणी. अनेक देशांत १९८४ पासून झालेली लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षणे या प्रकारात मोडतात. त्यांत कुटुंबाची माहिती, गर्भारपण, बाळांचे लसीकरण यांविषयी प्रश्न विचारतात, उंची-वजन घेतात आणि बोटाला टोचून हिमोग्लोबिन तपासतात. जागतिक आरोग्य संघटनेची ‘स्टेप्स’ ही पद्धत हृदयविकार, मधुमेह यांसारख्या आजारांना कारणीभूत होणाऱ्या सवयी व लक्षणे टिपते. तिच्यात आधी प्रश्न, मग शारीरिक मोजमापे आणि शेवटी रक्ताची तपासणी असे तीन टप्पे असतात. देशाच्या खिशाला जेवढे परवडेल तेवढेच टप्पे घ्यावेत, अशी त्यामागची व्यवहारी रचना आहे.

दुसरा प्रकार दीर्घकाळ पाठपुराव्याचा. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रेमिंगहॅम या गावात १९४८ मध्ये सुरू झालेला हृदयविकाराचा अभ्यास हे त्याचे ठळक उदाहरण. ३० ते ६२ वयाच्या ५,२०९ स्त्री-पुरुषांनी त्यात नाव नोंदवले. दर दोन वर्षांनी त्यांची तपासणी होत राहिली. १९७१ मध्ये त्यांची मुले आणि २००२ मध्ये नातवंडे अभ्यासात आली. उच्च रक्तदाब, रक्तातील कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध आज कोणत्याही दवाखान्यात गृहीत धरला जातो. तो या गावकऱ्यांच्या चिकाटीतून पुढे आला. गावाला अशा कामाची सवयही होती, कारण १९१७ पासून काही वर्षे तेथे क्षयरोग निर्मूलनाचा मोठा प्रयोग चालला होता. मात्र गावातील वस्ती जवळजवळ सगळी गोऱ्यांची होती. त्यामुळे तेथील आकड्यांवरून बेतलेली धोक्याची गणिते इतर समाजांना लावताना दुरुस्त्या कराव्या लागल्या.

बांगलादेशातील मतलब येथे १९६६ पासून जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांची घरोघर जाऊन नोंद होत आली आहे. तिथले कुटुंब एखाद्या अभ्यासात ‘भाग घेते’ म्हणण्यापेक्षा नोंदणीतच जन्माला येते म्हणणे अधिक बरोबर. तिसऱ्या प्रकारात लस, औषध किंवा एखादी सेवा लोकवस्तीत प्रत्यक्ष देऊन तिचा परिणाम तपासतात. येथे चिठ्ठी टाकावी तशा पद्धतीने काहींना उपचार आणि काहींना त्याच्यासारखे दिसणारे निष्क्रिय द्रव्य मिळते. आपल्याला काय मिळाले हे सहभागी व्यक्तीला आणि बहुधा तपासणाऱ्यालाही कळू देत नाहीत. निरीक्षणापुरत्या अभ्यासांत धोका किरकोळ असतो, या तिसऱ्या प्रकारात तो खरोखरच असू शकतो. दोन्हींना ‘सर्व्हे’ या एकाच नावाने ओळखण्याची सवय म्हणून घातक आहे.

निवड : आमचेच घर का, हा सर्वेक्षकाला हमखास विचारला जाणारा प्रश्न. उत्तर बहुतेक वेळा साधे असते : यादीतून यदृच्छेने निघाले म्हणून. आधी वस्त्या किंवा गट निवडतात, त्या गटातील घरांची यादी करतात, यादीतून ठरावीक अंतराने घरे उचलतात. घरातील कोणाशी बोलायचे हेदेखील सर्वेक्षकाच्या मर्जीवर सोडत नाहीत. लेस्ली किश या संख्याशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये त्यासाठी कोष्टकाची पद्धत मांडली. घरातील प्रौढांची वयानुसार यादी करायची आणि कोष्टक दाखवील तिलाच किंवा त्यालाच विचारायचे. दुपारी घरात सापडणाऱ्यांनाच प्रश्न विचारले, तर वृद्ध आणि घरकाम करणाऱ्या स्त्रिया यांचेच आरोग्य म्हणजे सगळ्या गावाचे आरोग्य असे चित्र उभे राहते. म्हणूनच निवडलेली व्यक्ती कामावर गेली असेल तर सर्वेक्षक पुन्हा पुन्हा येतो. शेजारी आनंदाने तयार असला तरी त्याला बदली म्हणून घेत नाही. हे पाहून लोकांना सर्वेक्षक हेकट वाटतो, पण त्याचा इलाज नसतो.

स्वतःहून येणाऱ्यांमुळे चित्र कसे बदलते हे लोकांची आरोग्यविषयक माहिती आणि नमुने साठवणाऱ्या ‘यूके बायोबँक’ या ब्रिटिश प्रकल्पात दिसले. २००६ ते २०१० या काळात ४० ते ६९ वयाच्या सुमारे ९२ लाख लोकांना निमंत्रणे गेली. त्यांपैकी सुमारे ५ लाख, म्हणजे शेकडा साडेपाचच्या आसपास, आले. जे आले ते एकूण लोकसंख्येच्या मानाने कमी धूम्रपान करणारे, सुस्थितीतील आणि निरोगी निघाले. अशा साठ्यातून दोन गोष्टींमधील संबंध शोधता येतात, पण देशात अमुक आजार किती आहे हे त्यावरून सांगणे धाडसाचे ठरते.

नकाराचाही आकड्यांवर परिणाम होतो. १९५४ मध्ये अमेरिकेत साल्क यांच्या पोलिओ लसीची चाचणी झाली, तीत सुमारे १८ लाख मुले होती. चाचणीच्या एका भागात, पालकांनी संमती दिलेल्या मुलांपैकी निम्म्यांना लस आणि निम्म्यांना निष्क्रिय द्रव टोचला. पोलिओचे प्रमाण लस मिळालेल्यांत लाखामागे २८, तर निष्क्रिय द्रव मिळालेल्यांत ७१ आढळले. ज्यांच्या पालकांनी संमतीच नाकारली होती, त्या मुलांमध्ये ते ४६ होते. लस न घेताही ही मुले निष्क्रिय द्रव मिळालेल्यांपेक्षा सुरक्षित कशी? संमती देणारी कुटुंबे सरासरीने अधिक सुस्थितीतील होती आणि स्वच्छ घरांत वाढलेल्या मुलांची या विषाणूशी गाठ उशिरा पडे. गरीब घरांतील बाळांना तो फार लवकर, आईकडून आलेली प्रतिकारशक्ती शिल्लक असतानाच गाठे आणि बहुधा काही न करता, पुढची प्रतिकारशक्ती देऊन जाई. लस घेतलेल्यांची तुलना नकार देणाऱ्यांशी केली असती, तर लस होती त्याहून दुबळी दिसली असती. ‘हो’ म्हणणारे आणि ‘नाही’ म्हणणारे मुळातच वेगळे असतात, हे या तीन आकड्यांइतके स्वच्छ क्वचितच कुठे दिसते.

प्रत्यक्ष मुलाखत : प्रश्नावलीतील प्रश्न कधीकधी विचित्र वाटतात, त्यामागे कारण असते. मुलाला जुलाब झाले होते का, हे गेल्या दोन आठवड्यांपुरतेच विचारतात, कारण त्याआधीची आठवण भरवशाची नसते. वय विचारले की शून्य किंवा पाच या आकड्यांवर संपणारी उत्तरे भरमसाट येतात, म्हणून जन्मवर्ष वेगळे विचारून ताळा घेतात. रक्तदाब एकदाच मोजून भागत नाही. ‘स्टेप्स’मध्ये तो तीनदा मोजतात आणि पहिला आकडा सोडून उरलेल्या दोहोंची सरासरी धरतात, कारण अनोळखी माणसाने दंडाला पट्टा बांधताच अनेकांचा दाब चढतो.

दारू, तंबाखू, लैंगिक संबंध, मारहाण या विषयांवर लोक बरे दिसेल असे उत्तर देतात. त्याला खोटेपणा म्हणण्यापेक्षा परिस्थितीचा दबाव म्हणणे योग्य. सासू किंवा नवरा शेजारी बसला असताना खरे उत्तर मिळण्याची अपेक्षा करणे हाच मुळात संशोधकाचा दोष. लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षणांत कौटुंबिक हिंसेचे प्रश्न एका घरातील एकाच स्त्रीला आणि एकांत मिळाला तरच विचारण्याचा नियम आहे. मध्येच कोणी आले तर विषय बदलायचा किंवा तो भाग तेथेच थांबवायचा. इतरत्र उत्तरदात्याच्या कानाला हेडफोन लावून प्रश्न ऐकवतात आणि उत्तराचे बटण त्यालाच दाबू देतात.

याहून अवघड मुलाखत मृत्यूची. डॉक्टरांचा दाखला नसलेल्या ठिकाणी मृत्यूचे कारण शोधण्यासाठी नातेवाइकांना शेवटच्या आजारातील लक्षणे क्रमाने विचारतात : ताप होता का, किती दिवस, श्वास लागत होता का. उत्तरांवरून डॉक्टर किंवा संगणक संभाव्य कारण ठरवतो. मृत्यूनंतर लगेच गेले तर घर दुःखात असते, फार उशिरा गेले तर तपशील पुसले जातात.

संमती आणि हक्क : आजची संमतीची पद्धत अत्याचारांच्या चौकशीतून आली. नाझी डॉक्टरांवरील खटल्याच्या निकालातून १९४७ मध्ये न्यूरेंबर्ग संहिता निघाली. तिचे पहिलेच कलम स्वेच्छासंमती अत्यावश्यक मानते. १९६४ मध्ये जागतिक वैद्यक संघटनेने माणसांवरील संशोधनाच्या नीतिनियमांचा हेलसिंकी जाहीरनामा स्वीकारला. तरीही अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील टस्कीगी परिसरात १९३२ मध्ये सुरू झालेला अभ्यास १९७२ पर्यंत चालूच राहिला. त्यात सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुष होते आणि त्यांपैकी ३९९ जणांना सिफिलिस हा लैंगिक संबंधातून पसरणारा आजार होता. त्यांना आजाराचे खरे नाव न सांगता ‘दूषित रक्त’ म्हणून सांगितले गेले. पेनिसिलीन हा प्रस्थापित उपचार झाल्यावरही तो त्यांच्यापर्यंत पोहोचू दिला नाही. मोफत तपासणी, जेवण आणि अंत्यविधीचा खर्च एवढ्यावर माणसे बांधून ठेवली गेली. हा अभ्यासही ‘स्थानिक’च होता, त्यासाठी विश्वासातली स्थानिक परिचारिकाही नेमलेली होती. ओळखीचा चेहरा दारात आला म्हणजे काळजी मिटली, असे समजणाऱ्याने हे प्रकरण वाचावे. या प्रकरणानंतर अमेरिकेत संशोधनातील सहभागींच्या संरक्षणासाठी कायदा झाला आणि १९७९ च्या बेलमाँट अहवालाने व्यक्तीचा आदर, हित आणि न्याय ही तीन तत्त्वे मांडली.

आता अभ्यास सुरू होण्यापूर्वी स्वतंत्र नैतिकता समितीची मंजुरी घेण्याची रीत आहे. अभ्यास कोणाचा, पैसा कोणाचा, काय काय करणार, त्रास काय होऊ शकतो, नमुन्यांचे पुढे काय होणार आणि तक्रार कोठे करायची, हे सहभागी होणाऱ्याला समजेल अशा भाषेत सांगावे लागते. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी साक्षीदारासमक्ष वाचून दाखवून अंगठा घेतात. मुलांच्या बाबतीत पालकांची परवानगी लागतेच, शिवाय समजत्या वयाच्या मुलाचा होकारही घेतात. गावाच्या प्रमुखाने मान डोलावली म्हणजे गावकऱ्यांची संमती झाली, असे होत नाही. कोणत्याही प्रश्नाचे उत्तर नाकारता येते, कारण न देता बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. प्रवासखर्च किंवा बुडालेल्या मजुरीची भरपाई देणे रास्त मानतात. रक्कम इतकी मोठी असू नये की तिच्यापायी माणूस धोक्याकडे काणाडोळा करील. ही सीमा कोठे आखावी यावर एकमत नाही. गरिबांना जपण्याच्या नावाखाली त्यांच्या वेळेचे मोल कमी लावले जाते, हा आक्षेप दखल घेण्याजोगा आहे.

चाचणीत भाग घेणारे अनेक जण तिला उपचारच समजतात. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ पॉल ॲपलबॉम आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये या गैरसमजाकडे लक्ष वेधले. संशोधकाचे पहिले काम प्रश्नाचे उत्तर शोधणे हे असते, त्या विशिष्ट रुग्णाला बरे करणे हे नव्हे. समोरचा पांढऱ्या कोटात असला की हा फरक धूसर होतो.

नमुने आणि गोपनीयता : नाव काढून क्रमांक टाकला की माहिती गुप्त झाली, हे मोठ्या सर्वेक्षणात बरेचसे खरे आहे. लहान वस्तीत ते खोटे ठरते. ‘पंचेचाळीस वर्षांची शिक्षिका, दोन मुले, अमुक आजार’ एवढे छापले तरी गाव तिला ओळखतो. म्हणून फार लहान संख्या असलेले रकाने झाकतात किंवा शेजारच्या भागांची माहिती एकत्र करतात.

रक्ताचा नमुना तर मूळ प्रश्न संपल्यावरही शीतपेटीत जिवंत राहतो. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील हावासुपाई या आदिवासी जमातीच्या लोकांनी १९९० च्या दशकात मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून रक्त दिले. त्याचा उपयोग स्किझोफ्रेनिया हा मनोविकार आणि जमातीच्या स्थलांतराच्या इतिहासावरील संशोधनालाही झाला. मूळस्थानाविषयीचे काही निष्कर्ष जमातीच्या परंपरागत कथांच्या विरुद्ध जाणारे होते. खटला चालला आणि २०१० मध्ये ते संशोधन करणाऱ्या विद्यापीठाने ७ लाख डॉलर देऊन नमुने परत केले. अभ्यासातून माघार घेणाऱ्याचे न वापरलेले नमुने नष्ट करता येतात. जे आकडे आधीच विश्लेषणात मिसळले, ते वेगळे काढता येत नाहीत. संमतीपत्रात ही ओळ असते, ती सही करण्याआधी शोधून वाचावी.

निष्कर्ष आणि समुदाय : रक्तदाब, हिमोग्लोबिन असे आकडे बहुधा जागच्या जागी सांगतात आणि गरज असेल तर दवाखान्याची चिठ्ठी देतात. प्रयोगशाळेत होणाऱ्या चाचण्यांचे वैयक्तिक निकाल नेहमीच परत येत नाहीत, विशेषतः नमुन्यावरून नाव पुसलेले असेल तेव्हा. गटाचे निष्कर्ष मात्र लोकांना सांगण्यात संशोधकांची टाळाटाळ दिसते. शोधनिबंध छापून आला, पदवी मिळाली, पण गावाला काहीच कळले नाही, ही तक्रार सार्वत्रिक आहे. दक्षिण आफ्रिकेतील ‘सान’ या आदिवासी जमातीच्या लोकांनी अशाच अनुभवांनंतर २०१७ मध्ये स्वतःची संशोधन-आचारसंहिता जाहीर केली. आदर, प्रामाणिकपणा, न्याय आणि काळजी यांबरोबर परवानगीची योग्य प्रक्रिया पाळण्याची अट त्यांनी घातली.

कधी प्रश्न विचारण्याची सुरुवातच लोकांकडून होते. मॅसॅच्युसेट्समधील वोबर्न येथे मुलांमधील रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण जवळजवळच्या घरांत निघत आहेत, हे आधी तेथील पालकांच्या लक्षात आले. शहराला पाणी देणाऱ्या दोन विहिरी १९७९ मध्ये दूषित आढळून बंद झाल्या. पुढे हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेल्या पाहणीत स्थानिक स्वयंसेवकांनीच घरोघर दूरध्वनी करून माहिती गोळा केली. १९८४ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांवर, ज्यांना शंका आहे त्यांनीच प्रश्न विचारले तर उत्तरे झुकतील, अशी टीका झाली. राज्याच्या आरोग्य विभागाने नंतर स्वतंत्र अभ्यास केला. गर्भारपणात ते पाणी प्यायलेल्या स्त्रियांच्या मुलांमध्ये आजाराचा धोका वाढल्याचे त्यातही दिसले. मात्र रुग्णसंख्या लहान असल्याने अनिश्चितता मोठी राहिली. स्थानिक अभ्यासांत हे वारंवार घडते : गावाला छळणारा प्रश्न जेवढा नेमका, तेवढी त्याचे उत्तर देणारी माणसे थोडी.